अर्धा कोयता आणि परीक्षक क्रमांक दोन

बीड,
दि. २२ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप चन्नप्पामामा व मल्लम्मामामी यांच्या पायांशी मृत्युंजयचे शरणार्थ.

तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून मधल्या पायरीवर थांबवून ठेवतो? नागपूरच्या दमट हवेत मामींचा दमा उसळला नसेल अशी आशा आहे. इकडे पाटोद्याला अव्वाची तब्येत ठीक आहे, अप्पांचं दुकान ठीक आहे, आणि अप्पा माझ्याशी बोलत नाहीत तेही ठीकच चाललं आहे. मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं पाहता गेले अकरा दिवस माझं ताट भरलेलंच परत जातं, आणि ते बघून खाणावळीच्या कौशल्याबाईंनी देवाला नारळ बोलला आहे. (नारळ माझ्या तब्येतीसाठी आहे की खाणावळीच्या नावासाठी, ते विचारलं नाही.)

मामा, चौदा महिन्यांपूर्वी तुमचं कार्ड आलं होतं. त्यावर एकच ओळ होती, की बी.ए. पूर्ण होईपर्यंत मला पत्र लिहू नकोस. ती आज्ञा मी आजवर पाळली. आज बी.ए. न होताच मोडतो आहे, कारण दसऱ्याच्या आत माझ्या जन्माचा निकाल लागायचा आहे आणि तो विद्यापीठाच्या हातात नाही, वडवणीच्या एका ऊसतोड मुकादमाच्या हातात आहे. त्यांची मुलगी सत्यशीला हिच्याशी मला लग्न करायचं आहे. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. मधे राग आला तर पाणी प्यावं. मीही लिहिताना तसंच करतो आहे.

कॉलेज मी का सोडलं याबद्दल तुमच्याकडं चुकीची बातमी पोचली आहे. मी सरांना मारलं नाही. सरांनी माझ्या दिशेनं डस्टर फेकलं, ते भिंतीला लागून माझ्या पायाशी पडलं, आणि मी ते उचलून परत केलं. (ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं.) सरांचा नेम चुकला, माझा चुकला नाही, एवढाच दोघांतला फरक, पण प्राचार्यांना तो फार मोठा वाटला. त्यांनी माफीनामा मागितला. मी दिलाही. त्यात सरांच्या चुकाच साडेतीन पानं झाल्या आणि माफीला जागा उरली नाही.

त्यानंतर सुंदरराव सरांनी मला ठेवून घेतलं. सर रिटायर झाल्यापासून ‘स्थलांतर आणि समूहसंबंध’ हे षण्मासिक काढतात हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमचं नाव सल्लागार मंडळात चौथं आहे. परंतु मामा, तुम्ही अंक वरून पाहिलेला आहे, मी तो खालून पाहतो. आमचं ऑफिस एका छापखान्याच्या माडीवर आहे आणि त्या छापखान्याचा खरा धंदा लग्नपत्रिकांचा. त्यामुळं जूनचा अंक सप्टेंबरात निघतो, कारण मे महिन्यात अक्षरांचे खिळे मोकळे नसतात. माणसं गाव सोडून का जातात याचं संशोधन आमच्याकडं मुहूर्त संपल्यावर सुरू होतं. वर्गणीदार एकशे सत्त्याऐंशी. त्यातले नऊजण वारले आहेत, पण त्यांचे अंक परत येत नाहीत म्हणून पाठवतो.

माझं मुख्य काम नावं काढण्याचं. निबंध आला की पहिलं पान फाडून कपाटात ठेवायचं, आत कुठं लेखकाचं नाव-गाव डोकावत असेल तर त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची, मग झेरॉक्स काढून दोन परीक्षकांना पाठवायच्या. लेखक कोण ते परीक्षकाला कळता कामा नये आणि परीक्षक कोण ते लेखकाला. परीक्षकांचे पत्ते सर स्वतः घालतात, ती वही त्यांच्याच कुलपात असते. मला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. आपल्या भागात एसटीत शेजारी बसलेला माणूस तिकीट काढायच्या आधी विचारतो, कोण गाव, कुणाचा, आडनाव काय, आणि मग ठरवतो की सरकून जागा द्यायची की नाही. इथं उलटं. कोण म्हणतो ते बघायचंच नाही, काय म्हणतो तेवढं बघायचं. लग्नंसुद्धा अशीच ठरवावीत, असं मी खालच्या धुळाजी कंपोझिटरला म्हणालो. धुळाजी म्हणाला, “मंग माजं प्वॉट मारतो का बे? नावंच न्हाईत तर पत्रिकेवर छापू काय, निस्ता गणपती?”

तर गेल्या फेब्रुवारीत सत्यशीला स्वतः निबंध घेऊन आली. कॉलेजात तासांवर शिकवते, एम.ए. समाजशास्त्र, पहिला वर्ग. कायमच्या नोकरीच्या मुलाखतीला छापील निबंध जवळ असलेला बरा म्हणून तिला तो लवकर यायला हवा होता. तिनं पिशवीतून बत्तीस पानं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, पावती मिळेल का? आजवर आमच्याकडं निबंधाची पावती कुणी मागितली नव्हती. मी वर्गणीदारांच्या पावतीपुस्तकातलीच एक फाडून दिली आणि त्याच क्षणी, मामा, माझं जे व्हायचं ते झालं. (याबद्दल अधिक लिहीत नाही. मामी वाचणार असतील.)

निबंध होता आपल्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्यांवर, कारखान्याच्या गावचे लोक त्यांच्याशी कसे वागतात त्यावर. विहिरीवर कुणाला कधी भरू देतात, दुकानदार सुट्टे पैसे हातात देतो की फळीवर ठेवतो, ‘बीडवाले’ म्हणजे त्यांच्या तोंडी काय. सगळं मोजून, तक्त्यात. एका तक्त्यात तिनं वडवणीकडच्या एका शाळेचे जुने हजेरीपट मांडले होते. दसऱ्यानंतर गैरहजर, थेट गुढीपाडव्यापर्यंत, पोरंच्या पोरं. त्यात अनुक्रमांक एकोणीस ही एक विद्यार्थिनी ओळीनं सात वर्षं सहा-सहा महिने गैरहजर होती. खाली टीप होती, की या विद्यार्थिनीने पुढे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. नाव काढायचं माझं काम, म्हणून मी पट्टी घेऊन बसलो होतो. आणि काढायला तिथं नावच नव्हतं. तिनं आधीच काढलं होतं. त्या दिवशी मी खाली जाऊन दोन चहा प्यालो आणि धुळाजीशी भांडलो, कारण काहीतरी करणं भाग होतं.

ऑगस्टमध्ये परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्यानं लिहिलं, उत्तम, छापा. दुसऱ्याचा अभिप्राय पाच पानी. मूळ कागद लेखकाला दाखवत नाहीत, अक्षरावरून माणूस कळतो. म्हणून मी ते माझ्या हातानं उतरवून ‘परीक्षक क्रमांक दोन’ असं वर घालून देतो. त्यात होतं: “कोयते ११२ आणि मजूर २२४, मग उरलेले ११२ मजूर रिकाम्या हातांनी काय करत होते? आकडे जुळत नाहीत. लेखकाचा विषयाशी परिचय पुस्तकी दिसतो. त्याने अभ्यासिका सोडून एकदा प्रत्यक्ष शिवारात जावे.” आणि मग, लेखकाने मॉरिशसमधील ऊसमजुरांवरील १९८४चा अमुक ग्रंथ अवश्य वाचावा. हे दुसऱ्या पानावर, चौथ्या पानावर, आणि पाचव्यावर पुन्हा.

मामा, तो ग्रंथ अख्ख्या मराठवाड्यात एकट्या माझ्याकडं आहे. दहावीला पास झालो तेव्हा लेखकानंच, म्हणजे तुम्हीच, सही करून दिला होता. तरी अक्षराकडं मी मुद्दाम बघितलं नव्हतं.

मी दोन दिवस राग मानला. आता मानत नाही. मॉरिशसच्या उसावर तुमचा शब्द शेवटचा आहे हे मी कुणाशीही भांडून सिद्ध करीन. पण तुम्ही पाटोदा सोडलं तेव्हा दहा वर्षांचे होता, आणि आपल्या वाण्यांच्या दुकानातून गुळाची ढेप घ्यायला येणाऱ्यांनी ऊस कसा तोडला हे दुकानाच्या आतून दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. तोडीत माणसं मोजतच नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. दोघं तोडतात, ती मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. ११२ कोयते म्हणजे २२४ माणसं, हे वडवणीत शेंबडं पोरगंही सांगेल. आणि ज्या लेखकाला तुम्ही शिवारात जायला सांगितलंत, तो जन्मलाच शिवारात, पाचटानं शाकारलेल्या कोपीत, कारखान्याच्या भोंग्याच्या वेळेला. अभिप्राय वाचून ती रडली असेल असं तुम्हाला वाटेल. ती हसली. मग कागदाची घडी घालत म्हणाली, “शिवारातून बाहेर यायला मला बावीस वर्षं लागली, आणि हे म्हणतात परत जा.”

सुंदरराव सरांचं म्हणणं पडलं, की परीक्षकानं शंका घेतली म्हणजे कोयत्याच्या अर्थाला संदर्भ द्यावा लागेल. छापील नसेल तर तोंडी चालेल, पण सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख हवी. सत्यशीला म्हणाली, माझी आई वीस वर्षं जात होती, तिचं नाव घाला. सर म्हणाले, तसं केलं तर लेखक कोण ते परीक्षकाला कळेल. म्हणजे जिला माहिती आहे तिला ती वापरता येत नाही, कारण ती तिची आहे. (हा नियम मला आवडतो असं मी वर लिहिलं आहे. ते आता अर्धंच धरावं.) कुणीतरी तिसऱ्यानं जाऊन एखाद्या मुकादमाला विचारून यावं असं ठरलं. मी उठलो. वडवणीच्या आसपास मुकादम कमी नाहीत. मी बद्रीनाथ मुकादमांकडंच का गेलो, ते तुम्हाला संदर्भाशिवाय कळेल.

बाजारचा दिवस होता. बद्रीनाथ मुकादम लोहाराच्या पालापुढं नवे कोयते पारखत उकिडवे बसले होते, शेजारी सत्यशीलाची आई बायनाबाई पोत्यावर. मी इस्त्रीची पँट, कपाळाला भस्म, खिशाला पेन, हातात वही. नमस्कार केला आणि सरळ विचारलं, की एका कोयत्यात माणसं किती? त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“कावून? टोळीत यायचंय का?”

इथं मी म्हणायला पाहिजे होतं की नाही, षण्मासिकाच्या तळटीपेसाठी पाहिजे. पण त्यांनी ते अशा काही सुरात विचारलं की माझ्या कानशिलात ठणका आला. (तुम्हाला माझा हा ठणका माहीत आहे. अप्पा म्हणतात तो आजोळचा आहे.) मी म्हणालो, “आलो तर काय होईल?”

“जोडी हाय का?”

“न्हाई. एकटाच हाय.”

“मंग तू अर्धा कोयता. अर्ध्याला घिऊन काय करू? मोळी कोन बांधंल, तुजी आई? जाय, आदी लगीन कर.”

लोहार हसला. मिरचीवाली हसली. आणि मी, मामा, भर बाजारात, वही छातीशी धरून बोलून गेलो, “त्यासाठीच आलतो. तुमच्या सत्यशीलाला मागायला.”

भाता थांबला. बाजारात माणसं होती तेवढी सगळी एकदम आमच्याकडं वळली असं मला वाटलं. खरं म्हणजे पंधरा-वीसच असतील. बायनाबाई उठल्या, नवा कोयता माझ्या हातात दिला, शेजारी कडब्याची पेंढी होती ती पुढं केली आणि म्हणाल्या, “तोडून दाव.” मी तोडून दाखवली. पेंढी जागच्या जागी राहिली, डावा अंगठा चिरला, बीडला आल्यावर त्याला तीन टाके पडले. (उजवा शाबूत आहे, अक्षरावरून दिसतच असेल.) बायनाबाईंनी हळद दाबली, पदराची चिंधी बांधली आणि पहिल्यांदा हसल्या. तेव्हा बद्रीनाथ बोलले. त्यांचं बोलणं मी वहीत उतरवलं नाही, पण विसरलेलो नाही.

“वान्याचं हाय ते कपाळावर दिसतंय. जातीचं मी काडत न्हाई, ते मागून लोकं काडतीलच. माज्या पोरीनं सा-सा म्हैनं शाळा बुडवून येम्मे केलं. तू बारा म्हैनं गावात बसून बी.ए. सोडलं. तुला पोरगी कावून देऊ, सांग.”

मामा, मला उत्तर सुचलं नाही. प्राचार्यांपुढं सुचलं होतं, अप्पांपुढं सुचलं होतं, तुमच्या कार्डालासुद्धा मनातल्या मनात सतरा उत्तरं सुचली होती. तिथं पायाखालची माती बघत उभा राहिलो. पाहणाऱ्याला मी नम्र वाटलो असेन.

मग तेच म्हणाले, की तुझ्या घरचं कोण येईल बोलायला? बाप? मी म्हणालो, अप्पा येणार नाहीत. ते म्हणाले, मग मामा आण. मामा पाठीशी नसलेल्याचं लग्न आम्ही धरत नाही. दसऱ्याच्या आत. दसरा झाला की गाड्या भरून टोळ्या निघतात, आणि केजच्या मास्तराचं स्थळ आलेलं आहे, ते थांबवून ठेवणार नाही.

निघताना बायनाबाई एसटीपर्यंत आल्या. मी कशासाठी आलो होतो ते त्यांनी विचारलं, तेव्हा कुठं मला तळटीप आठवली. त्यांनी उभ्या-उभ्या सांगितलं, मी वहीत घेतलं, नाव, गाव, तारीख घालून. “एक कोयता म्हंजी दोन मानसं. पोर झालं की अडीच. पन ते अर्धं कुनी मोजत न्हाई.” ती सुधारलेल्या निबंधातली सातवी टीप आहे. नावावर मी पट्टी लावली आहे. लावताना बराच वेळ लागला, अंगठा दुखत होता.

असं सगळं झालं. तुमच्याकडं काही मागायला हे पत्र नाही, हकिकत कळावी म्हणून लिहिलं. अव्वाची काळजी नसावी. मामींना साष्टांग.

तुमचा आज्ञाधारक (चौदा महिने),
मृत्युंजय

ता. क. मागायचं आहे. मामा, तुम्ही या. दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला येता तसे येऊ नका, तोवर टोळ्या गेलेल्या असतील. दसऱ्याच्या आत या आणि माझ्या बाजूनं वडवणीला चला. तुमचाच १९९१चा आंतरजातीय विवाहांवरचा निबंध आमच्या फाइलीत आहे, मी तो तीनदा वाचला. त्यात तुम्ही लिहिलं आहे, की मुलाचा मामा उभा राहिला तर उरलेले नातेवाईक वर्षभरात येतात. साठ कुटुंबं तपासून लिहिलं आहे. मी एकसष्टावं समजा. अव्वा काही बोलत नाही, पण तुम्ही आलात तर तीही येईल, ती तुमचीच बहीण आहे.

ता. क. दोन. सुधारलेला निबंध परीक्षक क्रमांक दोन यांच्याकडं परवाच गेला आहे. त्याचा आणि या पत्राचा संबंध जोडू नये. निबंध वाईट असेल तर सरळ नापास करावा, मी शब्द काढणार नाही. (मनातल्या मनात काढीन.) परीक्षक कोण हे मी सत्यशीलाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. सुंदरराव सरांपुढं तशी शपथ घेतली आहे.

ता. क. तीन. ऑफिसातला डिंक संपला आहे. सत्यशीला कॉलेजात जाताना पोस्टावरून जाते, म्हणून पाकीट तिच्याकडंच देतो, ती तिथल्या डिंकानं चिकटवील. तिची काळजी नको, ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातली नाही.

(त्याच पाकिटात, वेगळ्या अक्षरातली चिठ्ठी)

मा. चन्नप्पा सर यांस,
सादर प्रणाम.

मी वाचलं. पोस्टात रांग होती, पाकीट उघडं होतं आणि वर माझं नाव दिसत होतं. क्षमा असावी.

परीक्षक क्रमांक दोन कोण आहेत ते मला ऑगस्टमध्येच कळलं. एकाच पुस्तकाचं नाव तीनदा कोण घेतं, हे एम.ए.ला शिकवलेलं नसलं तरी समजतं. ते पुस्तक मी यांच्याकडून मागून वाचलं. तिसरं प्रकरण फार चांगलं आहे, आणि माझ्या निबंधात ते आधीच असायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं बरोबर होतं. कोयत्याचं बरोबर नव्हतं. तो भाग मी बदललेला नाही, तुम्ही कुणाचेही मामा असलात तरी बदलणार नाही.

वडवणीला जरूर या. शिवार मी स्वतः दाखवीन, आई जेवायला घातल्याशिवाय सोडणार नाही, आणि वडील बोलतात तेवढे कठोर नाहीत. पण येण्याआधी तुमच्या भाच्याला दोन ओळी लिहाव्यात ही विनंती. त्यांनी माझ्याबद्दल माझ्या वडिलांना विचारलं, लोहाराला आणि मिरचीवालीला ऐकवलं, आता नागपूरला तुम्हालाही कळवलं. फेब्रुवारीपासून मी आठवड्यातून तीनदा त्यांच्या टेबलासमोर बसते आहे. मला अजून त्यांनी विचारलेलं नाही.

विचारलं तर काय सांगायचं ते मी आईला सांगून ठेवलं आहे. त्यांना आपण होऊन सांगणार नाही. माझा तास साडेअकराला सुटतो.

आपली नम्र,
सत्यशीला